यजमान, गाळा आणि गिऱ्हाईक : आंतरजालीय व्यापाराच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

परिभाषेचा विचार मराठीत बहुधा शुद्धाशुद्धतेच्या अंगाने झाला आहे. शब्द संस्कृतोद्भव आहे की फारसी, इंग्रजीतून उसना घेतला आहे की नव्याने घडवला आहे, या प्रश्नांभोवती गेले शतकभर वाद झडले. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ, तिला माधव जूलियन यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या ग्रंथातून दिलेले समर्थन आणि महाराष्ट्र शासनाच्या १९६२च्या पदनाम कोशावर झालेली टीका हे या वादाचे ठळक टप्पे होत. या सर्व चर्चेत शब्दाचे कूळ तपासले गेले. परंतु तो शब्द ज्या व्यवहाराला नाव देतो त्या व्यवहारातील माणसांना तो काय सांगतो आणि त्यांच्यापासून काय लपवतो, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला.

आंतरजालावरील व्यापाराची परिभाषा या उपेक्षित प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते. होस्टिंग, डोमेन, ट्रॅफिक, कन्व्हर्जन, अ‍ॅफिलिएट, कुकी, क्लाउड ही संज्ञावली मुळातच रूपकांची आहे. इंग्रजीत ती आतिथ्य, जमीनदारी, रहदारी, धर्मांतर, खाद्यपदार्थ आणि निसर्ग अशा भिन्न क्षेत्रांतून उचललेली आहे. म्हणून तिचे मराठीकरण म्हणजे एका रूपकव्यवस्थेचे दुसऱ्या रूपकव्यवस्थेत स्थलांतर होय. आणि स्थलांतरित रूपकांची परीक्षा हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुनाच विषय आहे. आज मराठीत या संज्ञांचे तीन थर दिसतात : संस्कृतावरून घडवलेले शब्द (संकेतस्थळ, अधिक्षेत्र, विपणन), देवनागरीत उतरवलेले इंग्रजी शब्द (होस्टिंग, डोमेन, ट्रॅफिक) आणि पेठेतील जुने शब्द (घरपोच, परतावा, अडत, गिऱ्हाईक). पहिल्या थराला शासनाचे पाठबळ आहे, दुसऱ्याला बाजाराचे. तिसऱ्या थराला अशा कोणत्याही संस्थेचा आधार नाही. प्रस्तुत विवेचनात या तिन्ही थरांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न आहे.

२. दिल्लीची परिभाषा आणि मराठीचा कान

या व्यापाराच्या भारतीय परिभाषेची दोन केंद्रे दिल्लीच्या परिसरात आहेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली दिल्लीत स्थापन झाला. दुसरीकडे नोएडा आणि गुरुग्राम येथे आंतरजालीय व्यापाराच्या अनेक मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नोएडातील ‘नौकरी’ हे नोकरभरतीचे संकेतस्थळ १९९७ साली सुरू झाले. त्याचे नाव देशी, पण अक्षरे रोमन आहेत. नावापुरता देशी शब्द आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी, ही या क्षेत्रातील रूढ विभागणी त्या एका पाटीत दिसते.

आयोगाच्या शब्दनिर्मितीच्या तत्त्वांत दोन गोष्टींवर भर आहे : आंतरराष्ट्रीय संज्ञा शक्यतो मूळ रूपात ठेवाव्यात आणि पर्याय घडवायचाच झाल्यास तो अधिकाधिक भारतीय भाषांना समान राहील असा, म्हणजे मुख्यतः संस्कृत धातूंवरून, घडवावा. या दुसऱ्या भूमिकेमागे डॉ. रघुवीर यांच्या कोशकार्याची परंपरा आहे. त्या कार्याचा एक महत्त्वाचा टप्पा मध्यप्रांत-वऱ्हाड या हिंदी-मराठी द्वैभाषिक प्रांतात, नागपुरात पार पडला होता. दोन भाषांना एकच संस्कृत शब्द पुरेल ही कल्पना अशा प्रांतात स्वाभाविक वाटणे समजण्यासारखे आहे.

परंतु तत्सम शब्द रूपाने समान असले तरी अर्थाने समान असतात असे नाही. हिंदीतील ‘सूचना’ म्हणजे माहिती. मराठीतील ‘सूचना’ म्हणजे काय करावे किंवा करू नये याचा निर्देश. म्हणूनच हिंदीत ‘सूचना प्रौद्योगिकी’ आणि मराठीत ‘माहिती तंत्रज्ञान’ अशा वेगळ्या संज्ञा रूढ झाल्या. दुकानाने भ्रमणध्वनीवर धाडलेल्या जाहिरातीला ‘सूचना’ म्हटले की मराठी वाचकाला ती आज्ञेच्या सुरात ऐकू येते. हिंदी वाचकाला ती निव्वळ वार्ता असते. उलट बाजूनेही हेच घडते. मराठीत डेटासाठी ‘विद्’ धातूवरून ‘विदा’ हा आटोपशीर शब्द घडवला गेला. हिंदीत मात्र ‘विदा’ म्हणजे निरोप. ‘आपली विदा सुरक्षित आहे’ हे वाक्य दिल्लीतील वाचकाला बुचकळ्यात टाकील. संगणकाचा दाखला असाच आहे. आयोगाच्या परंपरेत ‘अभिकलित्र’ हा शब्द पुढे आला आणि हिंदी व्यवहाराने शेवटी ‘कंप्यूटर’ स्वीकारला. मराठीत ‘संगणक’ सहज रुळला.

सर्वांत बोलके उदाहरण ‘होस्ट’ या शब्दाचे आहे. हिंदीत त्याला ‘मेज़बान’ हा फारसी शब्द उपलब्ध आहे. तोच शब्द मराठीत आला तो ‘मेजवानी’ या रूपात, आणि त्याचा अर्थ यजमानाकडून सरकून पंक्तीकडे गेला. त्यामुळे ‘मेज़बानी’ ही संज्ञा हिंदीतून जशीच्या तशी मराठीत आणता येत नाही. तिच्यासोबत भोजन येते. मराठीचा पर्याय ‘यजमान’ हा आहे. मुळात यज्ञ करविणारा, मग घरधनी, पती आणि पाहुण्यांचे स्वागत करणारा असा या शब्दाचा प्रवास झाला. हिंदी बोलींतील ‘जजमान’ मात्र पुरोहिताला दक्षिणा देणारा आश्रयदाताच राहिला. संस्कृत मूळ एकच असूनही पाहुणचाराचा भाव एका भाषेत मुख्य झाला, दुसरीत देण्याघेण्याचा. अखिल भारतीय परिभाषेचे तत्त्व या फरकांपाशी अडखळते.

३. रूपकांची परीक्षा : संकेतस्थळ आणि यजमान

घडवलेले सर्व शब्द कृत्रिम असतात, हा आक्षेप मात्र टिकत नाही. ‘संकेतस्थळ’ हा शब्द त्याचा प्रतिवाद करतो. संस्कृत काव्यपरंपरेत संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी ठरवलेली जागा. अभिसारिका तेथे जाते आणि प्रियकर तेथे न आढळल्यास ती विप्रलब्धा ठरते. ‘हे पान सापडले नाही’ असा निरोप वाचणाऱ्या आजच्या वाचकाची अवस्था या नायिकेहून फार वेगळी नसते. त्याहून महत्त्वाचा आहे शब्दशक्तिविचारातील ‘संकेत’. शब्द आणि अर्थ यांच्यातील ठरलेला संबंध म्हणजे संकेत. अभिधेचे कार्य त्याच्या आधारे चालते. डोमेन नावांची व्यवस्था १९८३पासून नेमके हेच करते : यंत्राचा पत्ता म्हणजे अंकांची मालिका, आणि तिला एक नाव संकेताने जोडले जाते. अंक बदलले तरी नाव तेच राहू शकते. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे सारे होते असे मानण्याचे कारण नाही; परंतु भाषेच्या साठ्यात हे अर्थ होते आणि त्यांनी नव्या वस्तूला आधार दिला. इंग्रजीतील ‘साइट’ या शब्दात जागा आहे, संकेत नाही. या ठिकाणी मराठी शब्द मुळाहून समृद्ध आहे.

‘यजमान’ या पर्यायाचे मूल्यमापन वेगळ्या रीतीने करावे लागते. लॅटिनमधील ‘होस्पेस’ हा शब्द यजमान आणि पाहुणा या दोहोंना लागू होता. त्याच्या ‘होस्टिस’शी असलेल्या नात्यातून आतिथ्य आणि वैर यांची जवळीक देरिदा यांनी उलगडून दाखवली आहे. म्हणजे पाश्चात्त्य परंपरेतही हे रूपक निरागस नाही. तथापि वेब होस्टिंगचा प्रत्यक्ष व्यवहार आतिथ्याचा नसून भाड्याचा आहे. कंपनी आपल्या सर्व्हरवरील जागा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देते. भाडे थकले की दुकान बंद होते. यजमान पाहुण्याला बाहेर काढत नाही, निदान काढू नये असा संकेत आहे. गाळ्याच्या मालकावर असे बंधन नसते.

मराठीजवळ ‘गाळा’ हा शब्द आहे. बाजार समितीच्या आवारात किंवा व्यापारी संकुलात भाड्याने घेतलेली दुकानाची जागा म्हणजे गाळा. एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवण्याच्या पद्धतीला मराठी वाचक चाळ म्हणून ओळखील : जिना सामाईक, नळ सामाईक, आणि एका खोलीत गर्दी उसळली तर पाण्याचा ताण सर्वांना. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे अख्खा वाडा भाड्याने घेणे. हे केवळ गमतीचे साम्य नव्हे. चाळीतील भाडेकरूला मालक कोण, भाडे किती, करार केव्हा संपतो हे प्रश्न आपोआप सुचतात. ‘यजमान’ वा ‘होस्टिंग’ या शब्दांनी ते सुचत नाहीत. परिभाषेने एका बाजूचे हितसंबंध झाकले जातात ते असे.

‘क्लाउड’चे मराठीकरण तर याच दिशेने आणखी पुढे जाते. भारत सरकारच्या या क्षेत्रातील उपक्रमाचे नाव ‘मेघराज’ आहे. मेघाला भारतीय काव्यात दूताची प्रतिष्ठा आहे, आणि ती प्रतिष्ठा या नावाला मिळते. प्रत्यक्षात माहिती जमिनीवरच्या इमारतीतील यंत्रांत साठवलेली असते. तिला वीज लागते, थंडावा लागतो आणि ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे यालाही महत्त्व असते. मेघ हा शब्द सुंदर आहे, पण तो जागेचा प्रश्न पुसून टाकतो.

४. पाटी, नाव आणि लिपी

डोमेनसाठी ‘अधिक्षेत्र’ हा पर्याय सुचवला जातो. त्यात सत्तेचा भाव उतरला आहे, कारण इंग्रजी शब्दाचे मूळही स्वामित्वाशी निगडित आहे. परंतु भारतीय न्यायालयांनी या वस्तूकडे पाहिले ते क्षेत्र म्हणून नव्हे, नाव म्हणून. १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’ या कंपनीच्या नावाला ‘इंडिया’ जोडून घेतलेल्या डोमेनच्या खटल्यात अशा नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते अशी भूमिका घेतली; २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला पुष्टी दिली. पत्ता हा केवळ पत्ता नसून व्यापाऱ्याची ओळख आहे, हे या निर्णयांचे सार होय. मराठीत हे सांगण्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नव्हती. ‘नाव कमावणे’, ‘नाव राखणे’, ‘पत’ हे शब्द पेठेत याच अर्थाने रूढ आहेत. दुकानाची पाटी दुसऱ्याने लावली तर गिऱ्हाईक फसते आणि पत जाते, ही गोष्ट वाण्याला न्यायालयाआधी ठाऊक होती.

नावाचा प्रश्न पुढे लिपीचा प्रश्न बनतो. ‘इन’ या देशसंज्ञेचे व्यवस्थापन २००५पासून नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया या दिल्लीस्थित संस्थेकडे आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी अंत्यपद सुरू झाले. ते मराठीसह हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरी सिंधी या आठ भाषांसाठी होते. यंत्राच्या पोटात मात्र असे प्रत्येक नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक मालिकेत बदलले जाते; देवनागरी ही वरची पाटी, आतली नोंदवही रोमनच.

आठ भाषांची एक लिपी म्हटले की मराठीच्या लेखनविशेषांना जागा मागावी लागते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद अर्धा र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. संगणकावर हा भेद दोन रीतींनी साधला जातो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोमेन नावांच्या जागतिक मूळ यादीच्या नियमांत ही अदृश्य चिन्हे वर्ज्य आहेत, म्हणून तेथे पहिल्या रीतीवरच भिस्त ठेवावी लागते. ज्या शब्दाने मराठी पेठ चालते तो ‘गिऱ्हाईक’ हा शब्दच या अर्ध्या र वर उभा आहे. दुसरीकडे ‘अॅ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालाविषयक निर्णयाने त्याला मान्यता दिली. अॅप, अॅड, अॅफिलिएट हे शब्द नीट लिहिता येण्याची सोय अशा रीतीने झाली. उसन्या शब्दासाठी लिपी वाढवणे हे दुबळेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही; मराठीने फारसी शब्दांसाठी नुक्ता नाकारला आणि इंग्रजी स्वरांसाठी चंद्र स्वीकारला, या दोन्ही निवडी तिच्या उच्चारव्यवस्थेतून आल्या.

५. पेठेचे शब्द

व्यापाराच्या शब्दांची व्यवस्था लावण्याचा मराठी परंपरेतील मोठा प्रयत्न सतराव्या शतकाच्या आठव्या दशकातील आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले आणि त्याच्या दहा वर्गांपैकी शेवटचा ‘पण्यवर्ग’ हा होता. त्या काळात मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला. तरीही ‘पेशवा’ हा शब्द हटला नाही. पुढच्या शतकात तोच सत्तेचे नाव बनला. बाजारातही रोख, दलाल, जकात हे शब्द टिकले. कोशाचे अपयश म्हणून हे वाचण्यापेक्षा राजसभेची आणि पेठेची भाषा वेगवेगळ्या गतीने बदलते, असा त्याचा अर्थ लावणे अधिक योग्य होईल. ‘पण्य’ याच मुळाचे ‘पणन’ आज कृषी पणन मंडळाच्या नावात आहे. त्यामुळे मार्केटिंगसाठी हिंदीच्या प्रभावाने येणारे ‘विपणन’ मराठीला परके नसले तरी अनिवार्यही नाही.

पेठेतील शब्द अधिक नेमके ठरतात ते अनेक ठिकाणी. ‘ट्रॅफिक’साठी ‘वाहतूक’ वा ‘रहदारी’ म्हटले की डोळ्यांसमोर वाहने येतात. ‘वर्दळ’ म्हटले की दुकानात येणारी-जाणारी माणसे येतात, त्यांतली बरीचशी काही न घेता परतणारी. ‘अॅफिलिएट मार्केटिंग’साठी ‘संलग्न विपणन’ असे लिहिले जाते. परंतु ‘संलग्न’ हा शब्द मराठीत विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयाला लागतो. व्यवहार पाहावा तर तो अडतीचा आहे : दुसऱ्याचा माल खपवून देणे आणि प्रत्येक सौद्यामागे वाटा घेणे. अडत कोणाकडून घ्यायची, शेतकऱ्याकडून की खरेदीदाराकडून, हा प्रश्न महाराष्ट्रात २०१६ साली किती गाजला हे सर्वविदित आहे. ‘अडत’ या शब्दाने तो प्रश्न आंतरजालीय व्यापारालाही विचारता येतो. ‘संलग्न’ने येत नाही.

‘घरपोच’ हा शब्द तर आंतरजालाच्या कितीतरी आधीपासून तयार होता. १८७७ साली भारतीय टपालखात्याने सुरू केलेल्या व्ही. पी. पद्धतीने माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय झाली आणि मराठी ग्रंथव्यवहाराने तिचा मुबलक उपयोग केला. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नव्या नावाने परत आलेली पद्धत तत्त्वतः तीच आहे. ‘वर्गणी’ आणि ‘वर्गणीदार’ हे शब्दही मराठी नियतकालिकांनी घडवलेल्या वाचकसमूहाचे शब्द आहेत. वर्गणीदार हा केवळ ग्राहक नसतो, तो नियतकालिकाचा आधार असतो. ‘सबस्क्रिप्शन’ला ‘वर्गणी’ म्हटले तर ही जुनी आत्मीयता नव्या, बहुधा आपोआप पैसे कापणाऱ्या करारालाही मिळते. म्हणजे पेठेचा शब्द दर वेळी प्रामाणिक असतोच असे नाही. तोही तपासावा लागतो. ‘गिऱ्हाईक’ या शब्दात मात्र ही सावधगिरी आधीच मुरलेली आहे. एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे त्याला हास्याचा विषय बनवणे, हा वाक्प्रचार ‘ग्राहक’ या तत्सम शब्दाला चिकटलेला नाही. ‘ग्राहक’ हक्कांची भाषा बोलतो, ‘गिऱ्हाईक’ फसवणुकीची आठवण ठेवतो. दोन्हींची गरज आहे.

६. संमतीची भाषा

ही चर्चा केवळ कोशकारांपुरती राहिलेली नाही, याची दोन कारणे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आंतरजालीय व्यापारातील फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि तिचे १३ प्रकार नमूद केले. त्यांची इंग्रजी नावे तांत्रिक वाटतात, वर्तन मात्र पेठेला परिचित आहे. ‘फॉल्स अर्जन्सी’ म्हणजे खोटी घाई. ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणजे टोपलीत न मागता माल सरकवणे. ‘नॅगिंग’ म्हणजे भुणभुण. ‘बेट अँड स्विच’ म्हणजे दाखवायचे एक आणि गळ्यात मारायचे दुसरे. ‘ड्रिप प्रायसिंग’साठी महाराष्ट्राच्या शेतीने ‘ठिबक’ हा शब्द घरोघरी पोहोचवला आहे : किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे. ‘कन्फर्म शेमिंग’ म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवणे. ‘भिडेस घालणे’ हा मराठी प्रयोग त्याहून सूक्ष्म आहे, कारण भिडेपोटी होकार देणारा माणूस स्वतःलाच दोष देतो आणि तक्रार करत नाही. फसवणुकीला ओळखीचे नाव मिळाले तर तिच्याविरुद्ध तक्रार करणे सोपे होते. संस्कृतप्रचुर भाषांतर किंवा देवनागरीत उतरवलेले इंग्रजी, या दोहोंनीही ती ओळख पटत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला देण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे मराठी परिभाषा या व्यवहारात कायदेशीर संमतीचे माध्यम ठरते. तेथे ‘विदा’ लिहायचे की ‘माहिती’, ‘मध्यस्थ’ म्हणायचे की ‘इंटरमीडियरी’, ‘सूचना’ कोणत्या अर्थाने वापरायची, या निवडींवर त्या संमतीचा अर्थ अवलंबून राहील. इंग्रजी मसुद्यावरून हिंदी आणि हिंदीवरून मराठी अशा मार्गाने नोटिसा तयार झाल्या, तर ‘सूचना’ आणि ‘मेज़बान’ यांच्या बाबतीत दिसलेली अर्थाची घसरण करारातही शिरेल. वाचक ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवील, परंतु त्याने काय मान्य केले हे त्याच्या भाषेत लिहिलेलेच नसेल.

यावरून परिभाषेच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. शब्दाचे कूळ कोणतेही असो. व्यवहारात कोण देतो, कोण घेतो, मुदत किती, पैसे कोणाचे आणि तुटल्यास तोटा कोणाचा, हे प्रश्न तो शब्द वाचकाला सुचवतो का, हे पाहावे. या निकषावर ‘संकेतस्थळ’ टिकते, ‘घरपोच’ आणि ‘अडत’ टिकतात. ‘यजमान’ आणि ‘मेघराज’ अपुरे ठरतात. ‘डोमेन’सारखा उसना शब्द वापरला तरी त्याशेजारी ‘नाव’ आणि ‘पत’ हे शब्द असणे आवश्यक ठरते. कोशात एका इंग्रजी संज्ञेसमोर एकच मराठी पर्याय देण्याची प्रथा या दृष्टीने पुरेशी नाही. संज्ञेसमोर व्यवहाराचे एक साधे वाक्य आणि हिंदीतील समरूप शब्दाच्या अर्थभेदाची नोंद असेल, तर दिल्लीत घडणारी परिभाषा नाशिकच्या किंवा बेळगावच्या वाचकापर्यंत अर्थासह पोहोचू शकेल. अशी नोंद करण्यासाठी कोशकाराच्या जोडीला तौलनिक अभ्यासकाची गरज आहे. आणि संमतीच्या नोटिसांचे मराठी मसुदे रूढ होऊन त्यांतील चुका पक्क्या होण्याआधीच ते काम व्हावयास हवे.